पुढे ४३-८, मागे ३९-८: एका जुन्या सीजे-३बी जीपच्या ॲक्सल आणि ट्रान्स्फर केसची पूर्ण केस

जुनी फोर बाय फोर जीप घेतली की लोकं पहिलं विचारतात कुठला रेशो टाकू (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा, किती फेरे घेतो तो आकडा), लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) टाकू का, टायर किती मोठे बसतील. माझं दरवेळी एकच म्हणणं असतं, आधी आत्ता गाडीच्या पोटात काय आहे ते मोजा. आरसीवर काय लिहिलंय, विकणारा काय म्हणाला, मॉडेलच्या पुस्तकात काय आहे ह्याच्यावर जाऊ नका, कारण चाळीस-पन्नास वर्षं चाललेल्या जीपमध्ये कंपनीतून आलेला पार्ट कुठला आणि मधल्या मालकाने बसवलेला कुठला हे नुसतं बघून कळत नाही. खालची केस त्याचीच आहे, आणि ती सविस्तर लिहितोय कारण असल्या जीपा आपल्याकडे भोर, वेल्हे, मुळशी, जावळी, तिकडे कोकणात अजून रोज कामाला आहेत आणि पुढचा-मागचा रेशो जुळत नाही ह्या एका कारणाने चांगले ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारे डबे) फुकट भंगारात जातात.

गाडी सत्तरच्या दशकातली महिंद्रा सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. मालक भोरकडचे शेतकरी, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मूळ गाडीला २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं (बॉनेट उंच आहे ते त्याच्यामुळेच, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असल्याने इंजिन उंच झालं), पण ते अण्णांच्या आधीच्या मालकाने कधीच काढून २११२ सीसीचं प्युजो डिझेल टाकलेलं, म्हणजे एमएम ५४० ला यायचं तेच, आणि सोबत चार गिअरचा बॉक्स. आरसीवर डिझेलची नोंद आहे, त्यामुळे तो विषय मिटलेला.

तक्रार अशी होती की भातलावणीच्या दिवसात शेताकडच्या चिखलात फोर बाय फोर लावली की गाडी चढते, पण वर मुरमाच्या रस्त्यावर आलं की फोर बाय फोरचा लिव्हर निघतच नाही, दोन्ही हातांनी ओढला तरी नाही, मग रिव्हर्स टाकून थोडं मागे गेलं की खाडकन सुटतो. उतारावर लो गिअरमध्ये (ट्रान्स्फर केसचा हळू पण जास्त जोराचा गिअर) असताना कधीकधी लिव्हर आपोआप उडून न्यूट्रलला यायचा, वरंधा घाटात हे झालं म्हणजे काय ते ज्यांनी तो घाट पावसाळ्यात उतरलाय त्यांना सांगायला नको. मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा सांधा) एकदा तुटून झाला होता. आणि अण्णांचं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, ते म्हणाले "आरं, फोर बाय फोर लावली की गाडी कुणीतरी मागनं धरल्यागत व्हती." एका गॅरेजने त्यांना सांगितलं होतं की ट्रान्स्फर केस गेला, अख्खा दुसरा टाका. पुतण्याचं वेगळंच, त्याला ३.७३ चा रेशो टाकून गाडी हायवेला शंभरने पळवायची होती आणि वर ३१ इंची टायर.

न उघडता काय काय कळलं

गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्यायच्या आधी नुसतं फिरून बघितलं. मागचे ब्रेक ड्रम मोठे, मोजले तर ११ इंची, आणि पुढचे ९ इंची. सीजे-३बी ला मूळ चारही ड्रम ९ इंचाचे असतात. इथेच पहिला संशय आला.

मग चाकाचे नट. जुन्या विलीजच्या पद्धतीत डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्याचे असायचे, स्टडच्या टोकावर एल कोरलेला असतो. ह्या गाडीत पुढच्या डाव्या चाकाचे नट उलटे उघडतात आणि मागच्या डाव्या चाकाचे सरळ. म्हणजे मागचा ॲक्सल पूर्ण दुसऱ्या, नंतरच्या जीपचा आहे हे पान्यानेच सांगितलं. चाकाचे पाच बोल्ट आणि साडेपाच इंचाचं सर्कल दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे चाकं अदलाबदल होतात आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही.

तिसरा पुरावा मीटरचा. अण्णांचं स्पीडोमीटर चालू होतं (जुन्या जीपमध्ये ही चैनच आहे), आणि मोबाईलच्या जीपीएसवर ६० असताना मीटर ५४-५५ दाखवत होतं. मीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, म्हणजे तिला फक्त प्रॉपेलर शाफ्टचे फेरे कळतात, पुढे ॲक्सलमध्ये कुठला रेशो बसवलाय हे तिला माहीत नसतं. मीटर ५.३८ च्या हिशोबाचं आणि मागे ४.८८ असेल तर ६० ला बरोबर ५४.४ दिसणार. टायरच्या उंचीनेही असा फरक पडतो म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही, पण तीन गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवायला लागल्या की जॅक काढायचा.

ॲक्सलचं नाव ओळखणं ह्या जीपांत तसं सोपं आहे. मागच्या हाऊसिंगच्या बरगडीवर ४४ हा आकडा ओतलेला असतो, पुढच्यावर २५. तार-ब्रश मारून ग्रीसचा थर काढा, दिसतो. हे डाना कंपनीचे आकडे, म्हणजे स्पायसर, दोन्ही एकच, क्लॅरेन्स स्पायसरने सुरू केलेली कंपनी पुढे चार्ल्स डानाकडे गेली आणि १९४६ मध्ये नाव डाना झालं, त्यामुळे एकाच ॲक्सलला कोणी स्पायसर ४४ म्हणतो कोणी डाना ४४. कव्हरच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असेल तर तिच्यावर दात लिहिलेले असतात. पण एवढ्या वर्षांत ती पट्टी कुणीतरी कव्हर उघडताना फेकून दिलेली असते, आणि असली तरी ती हाऊसिंगची पट्टी, आतला क्राऊन (ॲक्सलमधला मोठा गिअर, ज्याला पिनियन हा छोटा गिअर फिरवतो) बदलला असेल तर ती खोटं बोलते. आकडा हाऊसिंगचं नाव सांगतो, रेशो सांगत नाही.

मागच्या हबच्या मधोमध मोठा नट आणि कॉटर पिन दिसली म्हणजे टेपर शाफ्ट, टोकाकडे निमुळता. ह्याला हब पुलर लागतो. हातोड्याने ठोकून ड्रम काढणारे खूप आहेत, त्यांना हात जोडून विनंती, तो ठोका सरळ शाफ्टमधून बेअरिंगवर आणि मधल्या थ्रस्ट ब्लॉकवर जातो.

फेरे मोजणे

ही पद्धत नीट सांगतो कारण हिला पैसे लागत नाहीत आणि कुणीही घरी करू शकतं. गाडी सपाट जागेवर, दोन्ही मागची चाकं वर, खाली पक्के घोडे, पुढच्या चाकांना दगड. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला. आणि हँडब्रेक सोडलेला पाहिजे, कारण ह्या जीपचा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवरच्या ड्रमवर आहे, तो ओढलेला असेल तर प्रॉपेलर फिरणारच नाही आणि तुम्ही म्हणाल डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे ॲक्सलमधले गिअर) जाम आहे.

आता एक चाक हाताने फिरवा आणि दुसरं बघा. ते उलट्या दिशेने फिरलं तर डिफरेन्शियल साधं, ओपन आहे. त्याच दिशेने फिरलं तर आत लॉकर आहे किंवा कुणीतरी स्पायडर गिअर वेल्ड केलेत (हेही बघितलंय). ओपन असेल तर एका चाकाला कुणीतरी घट्ट धरायचं, दुसऱ्या चाकाचे दोन पूर्ण फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा, आणि तेवढ्यात प्रॉपेलर जितका फिरला तो तुमचा रेशो. पण दोन फेऱ्यांत पाव फेऱ्याचा अंदाज चुकतो, म्हणून सरळ वीस फेरे फिरवा. टायरचा व्हॉल्व्ह खालच्या टोकाला आणून सुरुवात करायची, प्रॉपेलरवर खडूची रेघ मारायची, एकाने चाक मोजायचं आणि एकाने फक्त शाफ्ट, दोघांनी मोठ्याने मोजायचं नाही नाहीतर गोंधळ होतो.

मागे वीस फेऱ्यांना प्रॉपेलर पावणेएकोणपन्नास फिरला. दहाने भागलं की ४.८७५, म्हणजे ३९ दातांचा क्राऊन आणि ८ दातांचं पिनियन, ज्याला आपण ४.८८ म्हणतो. पुढे तसंच केलं, पुढच्या हबला फ्री व्हील (चाकाला ॲक्सलपासून सोडवणारे) नव्हते, सरळ फ्लॅंज होती त्यामुळे सोपं गेलं. तिकडे आला पावणेचोपन्न. ५.३७५. म्हणजे ४३-८, मूळ ५.३८.

निदान तिथेच झालं. अण्णांना खडूची रेघ दाखवली आणि म्हटलं, "अण्णा, तुमच्या गाडीची पुढची आणि मागची चाकं एका वेगाने चालायला तयारच नाहीत."

बाकीचे नेहमी भेटणारे आकडेही इथेच सांगतो, ४७-११ म्हणजे ४.२७, ४१-९ म्हणजे ४.५६, ४१-११ म्हणजे ३.७३. तुमचा आकडा ह्यांच्या मधेच कुठेतरी लटकला असेल तर परत मोजा, दात अर्धे नसतात.

हे नेमकं काय करतं

ह्या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये मधलं डिफरेन्शियल नाही. फोर बाय फोर लावली की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर एकमेकांना लोखंडाने बांधले जातात, दोघांचे फेरे सारखे. मग मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ असेल तर मागचं चाक दहा फेरे फिरतं तेवढ्यात पुढचं नऊच्या थोडं वर. १०० मीटर चालली की मागची चाकं १०० मीटर गेली आणि पुढच्यांना फक्त ९०.७ मीटर जायचंय. उरलेले नऊ मीटर कुठेतरी घासून काढावे लागतात. चिखलात चाकं घसरतात आणि निभावतं. मुरमावर, डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्स्फर केसच्या गिअरमध्ये साठतो, म्हणून लिव्हर निघत नाही आणि रिव्हर्स घेतला की पीळ उलगडून सुटतो. सारखे रेशो असले तरी डांबरावर वळताना थोडा पीळ येतोच, म्हणून तर फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावायची नसते, पण तो थोडा असतो आणि हा सतत वाढत जाणारा.

अण्णा म्हणाले ना कुणीतरी मागनं धरल्यागत, ते शब्दशः खरं होतं. पुढची चाकं जमिनीमुळे जितकी फिरतायत त्यापेक्षा त्यांचा शाफ्ट हळू फिरवायला बघतोय, म्हणजे पुढचा ॲक्सल गाडीला ओढत नव्हता, ब्रेक लावत होता. पुढचं कव्हर उघडल्यावर ह्याचा लेखी पुरावाच मिळाला. क्राऊनच्या दाताला दोन बाजू असतात, पुढे जाताना ज्या बाजूवर जोर येतो ती आणि इंजिन ब्रेकिंगला ज्या बाजूवर येतो ती. इथे जोराची बाजू जवळपास नव्यासारखी, मशीनिंगच्या बारीक रेघा अजून दिसत होत्या, आणि मागची बाजू चकचकीत घासून तिच्यावर खड्डे पडलेले, दोन दातांचे कोपरे उडालेले. हे ज्याने एकदा बघितलं तो परत कधी पुढचा-मागचा रेशो न जुळवता गाडी देणार नाही. चालेल असा फरक साधारण एक टक्क्याच्या आतला, म्हणजे एकीकडे ४.१० आणि एकीकडे ४.११ असं असेल तर खुशाल चालवा. इथे दहा टक्के होता.

हे झालं कसं तेही ओघाने कळलं. डिझेल इंजिन पेट्रोलइतकं वर फिरत नाही, ५.३८ वर ते चौथ्यातही कायम ओरडत राहतं, म्हणून आधीच्या मालकाने नंतरच्या जीपचा तयार मागचा ॲक्सल मोठ्या ब्रेकसकट घेऊन खाली अडकवला. कल्पना वाईट नव्हती. पुढचा तसाच ठेवला कारण तेव्हा गाडी डांबरावरच चालायची, फोर बाय फोर कोण लावतंय.

ट्रान्स्फर केस

ओळख: ओतीव लोखंडाचा डबा, पुढचा आणि मागचा दोन्ही शाफ्ट एकाच, उजव्या बाजूने निघतात, मागे पीटीओचं (बाहेरचं यंत्र चालवायला जोर काढून घ्यायच्या जागेचं) झाकण, मागच्या शाफ्टवर हँडब्रेकचा ड्रम, केबिनमध्ये दोन लिव्हर. हा स्पायसर १८, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपासूनचा. आत साखळी नाही, सगळं गिअरवर. मागचा शाफ्ट उजवीकडून निघतो म्हणून मागच्या ॲक्सलचा गोळाही (डिफरेन्शियलचा फुगीर भाग) उजवीकडेच पाहिजे, मधोमध गोळा असलेला ॲक्सल स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका, प्रॉपेलर तिरका लागेल आणि क्रॉस खात बसेल. अण्णांच्या गाडीत निदान एवढं तरी जुळलेलं होतं.

गॅरेजने टाकून द्यायला सांगितलेला हा डबा उघडला तर गिअरचे दात ठीक होते. गेलं होतं ते मधल्या गिअरचं शाफ्ट, ज्यावर नीडल रोलर फिरतात. त्याच्यावर नखाला लागतील असे चर पडलेले, दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर पातळ झालेले, मधला गिअर हाताने पुढे-मागे हलत होता. लिव्हर जागेवर धरून ठेवणाऱ्या गोळीमागच्या स्प्रिंगा दमलेल्या. मागच्या शाफ्टला लांबीत प्ले. लिव्हर उडायला एवढं पुरतं. ह्या सगळ्याचं किट मिळतं, फक्त घ्यायच्या आधी जुनं शाफ्ट व्हर्नियरने मोजा, कारण हे तीन जाडीत आलंय, पाऊण इंच, सव्वा इंच आणि मधलं एक पूर्णांक एक अष्टमांश. आणि इनपुट गिअरचे दात मोजा, २६ किंवा २९, तो मधल्या गिअरशी जुळणारा लागतो. ह्या गाडीत सव्वा इंची आणि २९ निघाला, हा सगळ्यात दणकट जोड.

शिफ्ट रेलच्या मधे एक छोटी इंटरलॉकची गोळी असते, ती पुढचा ॲक्सल लागल्याशिवाय लो पडू देत नाही. का, तर लो मध्ये टॉर्क अडीच पट होतो (२.४६), तो एकट्या मागच्या टेपर शाफ्टवर पडू नये म्हणून. काही जण ती मुद्दाम काढतात, टू व्हीलमध्ये लो मिळतो म्हणून. ट्रॉली ओढणाऱ्या गाडीत मी ती काढायला कधीच सांगणार नाही. अण्णांची गोळी गायब होती, परत टाकली.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसच्या मधला सीलही बदलला, तो गेला की गिअरबॉक्सचं ऑइल गुपचूप ट्रान्स्फर केसमध्ये उतरतं, खाली थेंब पडत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा होतो. बाहेर गळती नाही पण एकाची पातळी कमी आणि दुसऱ्याची वर, असं दिसलं की हेच समजायचं.

मग कुठला रेशो

इथे पुतण्याशी बराच वाद झाला, प्रेमाने पण बराच. त्याचं ३.७३ का नको ते आकड्यांत मांडलं. २३५/७५ आर १५ टायरचा एक फेरा साधारण २.३ मीटर. चौथा गिअर सरळ धरला तर ताशी ८० ला इंजिन ५.३८ वर ३१०० च्या आसपास फिरतं, ४.८८ वर २८००, ४.२७ वर २४७०, ३.७३ वर २१५०. हायवेपुरतं बघितलं तर ३.७३ मोहात पाडणारच. पण तेवढाच वाटा चढावरचा जोर कमी होतो. ५.३८ वरून ४.८८ ला नऊ टक्के, ४.२७ ला वीस टक्के, आणि ३.७३ ला तीस टक्क्यांच्या वर. ६२ हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन, मागे भाताची पोती, आणि वर ३१ इंची टायर टाकले की आणखी सात टक्के गेले. उतारावर लो मधलं इंजिन ब्रेकिंगही त्याच हिशोबाने कमी, घाटात तेच तर पाहिजे.

आणखी एक, डाना ४४ मध्ये क्राऊन ज्या केसवर बसतो ती केस दोन प्रकारची येते, ३.७३ आणि खालच्या रेशोंसाठी एक, ३.९२ आणि वरच्यांसाठी दुसरी. म्हणजे ३.७३ साठी नुसता क्राऊन-पिनियन घेऊन भागत नाही, केसही लागते. ५.३८, ४.८८, ४.२७ सगळे एकाच बाजूचे, त्यांना तीच केस चालते. दुकानात हे कुणी सांगत नाही, सेट घरी आणून बसवायला घेतला की कळतं.

आणि मी त्याला म्हटलं, "अरे दादा, पुढे ९ इंची ड्रम आहेत, जुना स्टिअरिंग बॉक्स आहे, ही गाडी शंभरला पळेल पण शंभरवरून थांबेल का ते आधी सांग." त्यावर अण्णाच म्हणाले की मला कापूरहोळला जायला शंभर कशाला पाहिजे.

तर ठरलं असं की मागचं ४.८८ चांगलं आहे, ते ठेवायचं, आणि पुढे ४.८८ आणायचं. हे काही जुगाड नाही, युद्धातल्या विलीज एमबीला ह्याच डाना २५ मध्ये ४.८८ च होता, शेतकऱ्यांसाठी सीजे काढली तेव्हा ५.३८ केला. ज्यांना हायवेवर अजून पाहिजे त्यांच्यासाठी स्पायसर १८ च्या पीटीओच्या जागी बसणारा ओव्हरड्राइव्ह असतो, परदेशात वॉर्नचा प्रसिद्ध आहे, इंजिनचे फेरे पंचवीस टक्क्यांनी उतरतात आणि ॲक्सलला हात लावावा लागत नाही. माझ्या मते जुन्या जीपसाठी ३.७३ पेक्षा तो मार्ग कधीही शहाणपणाचा, पण मागवायचा खर्च भारी.

पुढचा ॲक्सल बांधताना

क्राऊन-पिनियन जुन्या बाजारातून घेतला. नाना पेठ, कुर्ला, कुठेही जा, एकच करा: काउंटरवर उभं राहून दात स्वतः मोजा. आम्हाला आधी "हाच तो" म्हणून ४७-११ दिला होता. दुसरं, क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोड नंबर एकच पाहिजे, हे दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, एक इकडचा एक तिकडचा घेतला की आयुष्यभर रडणार. तिसरं, पिनियनच्या शेपटीचे स्प्लाइन (लांबीतल्या खाचा) मोजा, जुन्यांना १० असतात, नंतरच्यांना २६, तुमचा योक (प्रॉपेलर जोडायचा तुकडा) जो आहे तसा पाहिजे.

पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे चिन्हासकट एक आकडा कोरलेला असतो, तो हजारांश इंचात. आमच्या जुन्याचा +१, आलेल्याचा -२. म्हणजे जुन्या शिमच्या (पिनियन मागे-पुढे करणारी पातळ चकती) जाडीत तीन हजारांश इंच वाढवून सुरुवात करायची. ह्याने पिनियन थेट जवळपास जागेवर येतो, नाहीतर शिम घाल-काढ करत बेअरिंग दहा वेळा प्रेसवर जातं. मग बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने, साधारण ०.१५ ते ०.२० मिमीच्या दरम्यान, आणि शेवटी दातांना प्रशियन ब्लू लावून ठसा बघायचा. आमचा पहिला ठसा दाताच्या मुळाकडे उतरलेला, म्हणजे पिनियन जास्त आत, एक पातळ शिम काढला आणि ठसा मधे आला. डायल गेज नसलेला मिस्त्री "हाताला कळतं मला" म्हणाला तर त्याला बाकी सगळी कामं द्या, हे नको.

पुढचे नकल (चाक वळवणारे सांधे) बंद गोळ्याचे आहेत, त्यांचे फेल्ट आणि रबर सील, किंगपिन बेअरिंग सगळं नवीन. गोळ्याच्या चकचकीत पृष्ठभागावर गंजाचे खड्डे होते, ते घासून गुळगुळीत केले नाहीतर नवीन सील महिन्यात फाटतं. शेवटी फ्री व्हील हब टाकले, आता टू व्हीलमध्ये पुढचा अख्खा संच गप्प बसतो. मागच्या टेपर शाफ्टची चावी (हबला शाफ्टवर घट्ट धरणारी पट्टी) बदलून नट निदान २०० न्यूटन मीटरला घट्ट केला, सैल टेपर म्हणजे आधी चावी आणि मग शाफ्ट.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये ते कडक करून सांगितलंय. क्राऊनचे दात आरसीवर नसतात, इंजिन आणि इंधन असतं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नवं करायला आरटीओत उभं करावं लागतं, तेव्हा बाहेर आलेले रुंद टायर लगेच डोळ्यात भरतात, हेही पुतण्याला सांगून ठेवलं.

आता कशी आहे

नवीन सेटला पहिले २०-२५ किमी हळू चालवून पूर्ण थंड होऊ दिलं, पहिले ८०० किमी ट्रॉली नाही, मग ऑइल बदललं. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक चांदीसारखी चमक होती, तेवढी येते, तुकडे नव्हते. चिखलातून मुरमावर आलं की लिव्हर आता एका हाताने निघतो, आणि वरंध्याच्या उतारावर लो मध्ये जागेवर राहतो. मीटर अजून दहा टक्के कमी दाखवतं कारण त्याचा हिशोब ५.३८ चाच आहे, अण्णांनी ५४ म्हणजे ६० हे लक्षात ठेवलंय आणि डिझेलचा ॲव्हरेज काढताना किमीला १.१ ने गुणतात.

एक आवाज राहिलाय. ५० च्या आसपास ॲक्सिलरेटर सोडला की मागून बारीक गुणगुण येते, पाय दिला की बंद. माझा संशय मागच्या पिनियनच्या बाहेरच्या बेअरिंगवर आहे, प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला दाब) गेला असणार. मागच्याला आम्ही फक्त शाफ्ट आणि सीलपुरता हात लावला होता. भातकापणी झाली की गाडी परत येईल तेव्हा तो उघडायचा, आणि त्याच वेळी पुढेही ११ इंची ड्रम टाकायचे, बॅक प्लेट मिळाल्यात, डाव्या बाजूचे उलट्या आट्याचे स्टड तेव्हाच बदलून चारही चाकं सरळ आट्याची करून टाकू.